बावन्न पत्ते आणि एक वाक्य

जगातली सगळ्यात ताकदवान मुलगी कशाला घाबरत असेल, सांगा बघू? साकुरा किनोमोतोच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. ती भुतांना घाबरते आणि गणिताला. बाकी तिला वारा बोलावता येतो, पाणी वळवता येतं, काळ थांबवता येतो, पंख लावून आभाळात उडता येतं. जादूची बावन्न पानं आहेत तिच्याकडे, मोजून बावन्न. आणि एवढा सगळा जामानिमा असताना, चार महिन्यांपूर्वी एका मुलानं तिला 'मला तू आवडतेस' असं सांगितलंय आणि त्यावर द्यायचं उत्तर काही केल्या तिच्या तोंडातून बाहेर पडत नाहीये.

बस्स. एवढीच गोष्ट. या एवढ्याशा गोष्टीवर जपानमध्ये १५ जुलै २००० या दिवशी एक सिनेमा रिलीज झाला. 'कार्डकॅप्टर साकुरा : द सील्ड कार्ड'. दिग्दर्शक मोरिओ आसाका, स्टुडिओ मॅडहाउस, लांबी जेमतेम ऐंशी मिनिटं. म्हणजे आपल्या हिंदी सिनेमाचा इंटरव्हल होतो तेवढ्या वेळात हा संपतोसुद्धा. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संपलेल्या सत्तर भागांच्या टीव्ही मालिकेचा हा समारोप. मालिकेनं एक गाठ मुद्दाम सैल सोडून ठेवली होती, ती सिनेमानं बांधली.

तुमच्यापैकी ज्यांचं जपानी कार्टूनचं ज्ञान डोरेमॉन आणि शिनचॅनपाशी थांबतं, त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राउंड. जपानमध्ये 'माहो शोजो' नावाचा एक अख्खा प्रकार आहे. सोप्या मराठीत, जादूवाली मुलगी. याची सुरुवात साधारण १९६६ मध्ये 'साली' नावाच्या छोट्या चेटकिणीच्या मालिकेनं झाली असं मानतात आणि तिच्यामागे प्रेरणा होती 'बिविच्ड' या अमेरिकन मालिकेची. १९९२ मध्ये 'सेलर मून' आली आणि जादूवाल्या मुली टोळीनं लढायला लागल्या. कपडे बदलायचे, पोज घ्यायची, दुष्टांना लोळवायचं. हिट फॉर्म्युला!

साकुरा आली ती याच वाटेनं, पण जरा वेगळी चाल घेऊन. तिची जन्मदात्री 'क्लॅम्प' नावाची चार बायकांची टीम. नानासे ओकावा लिहिते, बाकी तिघी, म्हणजे मोकोना, त्सुबाकी नेकोइ आणि सात्सुकी इगाराशी, प्रामुख्यानं चित्रांचं काम बघतात. 'नाकायोशी' या मुलींच्या मासिकात १९९६ ते २००० या काळात ही चित्रकथा क्रमशः आली आणि ७ एप्रिल १९९८ पासून एनएचकेवर मालिका सुरू झाली. चौथीतली एक मुलगी बाबांच्या लायब्ररीत एक जुनं पुस्तक उघडते. आतली जादूची पानं वाऱ्यावर उधळून गावभर पसार होतात. पुस्तकाचा रखवालदार केरो, जो दिसतो पिवळ्या टेडीसारखा आणि गोड खायला कायम तयार, तो म्हणतो, सांडलंस तूच, आता गोळा कर. झालं! सत्तर भाग पोरगी पानं गोळा करते, मग ती आपल्या नावावर करून घेते.

वेगळी चाल ही, की या मालिकेला व्हिलनच नाही. पानं खोड्या काढतात, हट्ट करतात, रुसतात, पण कुणी दुष्ट नाही. शेवटी शेवटी ज्याच्यावर संशय घ्यावा असा एरिओल नावाचा मुलगा येतो, तोसुद्धा तिच्या भल्यासाठीच उद्योग करत असतो. मग मालिकेत भांडण कुणाशी? तर न कळलेल्या गोष्टींशी. आवडणं म्हणजे काय, सगळ्यात जास्त आवडणं म्हणजे काय, आणि आपल्याला जो सगळ्यात जास्त आवडतो त्याला दुसरंच कुणी आवडत असेल तर काय करायचं. प्रश्न मोठ्यांचे आहेत, विचारणारी मंडळी मात्र दप्तरवाली.

मी साकुराकडे पोचले ती लहानपणीच्या कार्टूनमधून नाही, जपानी भाषेच्या क्लासमधून. पुण्यात जपानीचे क्लास कमी नाहीत. माझ्या बॅचला अर्धे लोक आयटीतले होते, कंपनीनं सांगितलं म्हणून आलेले. मी आपली पत्रकारितेच्या कोर्सनंतर एखादी भाषा हाताशी असावी म्हणून. आमच्या सेन्सेई होत्या सदाशिव पेठेतल्या, साठीच्या, कॉटनची साडी आणि खणखणीत आवाज. 'सुकी' हा शब्द शिकवताना त्यांनी फळ्यावर आधी इंग्रजीत 'आय लाइक मँगो' लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं. म्हणाल्या, इंग्रजीकडे जाऊच नका. मराठीत बोला. मला आंबा आवडतो.

आता जरा बघा या वाक्याकडे. इंग्रजीत आवडून घेणारा मी, कर्ता मी, सगळं चालवणारा मी. मराठीत मी कुठाय? बाजूला, 'मला' होऊन उभा. वाक्य चालवतोय आंबा. जपानीत नेमकं असंच होतं. जे आवडतं त्याला 'गा' हा प्रत्यय लागतो आणि वाक्याची खुर्ची त्याला मिळते. आणि हाच 'सुकी' आंब्याला, मांजराला, पावसाला आणि माणसालाही चालतो. फार आवडत असेल तर त्याला 'दाइ' म्हणजे मोठा जोडायचा. दाइसुकी. खूप खूप आवडतोस. ही शेवटची नोंद मी वहीत चौकटीत लिहून ठेवली होती, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

सेन्सेईंनी त्याच तासाला आणखी दोन शब्द दिले. 'कोकुहाकु', म्हणजे आपल्या मनातलं समोरच्याला स्पष्ट सांगणं. जपानी शाळा-कॉलेजात हा जवळजवळ एक विधी आहे. शाळेच्या मागे, गच्चीवर, एकट्यात बोलावून, समोर उभं राहून सांगायचं. आणि दुसरा शब्द 'हेंजी', उत्तर. कोकुहाकु झालं की समोरच्याकडून हेंजी अपेक्षित असतं. लगेच नाही दिलं तरी चालतं, विचार करून सांगते म्हणता येतं. पण ते येणं आहे, उधारीसारखं. आपल्याकडे हा हिशेब इतका चोख नाही. आपण मेसेजच्या शेवटी 'लव्ह यू यार' सगळ्यांनाच टाकतो, पिझ्झा आणून देणाऱ्या फ्लॅटमेटलासुद्धा. पण मराठीत, समोर उभं राहून, 'मला तू आवडतोस' म्हणायचं? छातीत धडधड सुरू! 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' तर आणखीच नको, ते म्हटलं की मागे सतार वाजायला लागते.

तर, उधारी. मालिकेच्या शेवटाकडे शाओरान ली हा हाँगकाँगहून आलेला, सुरुवातीला साकुराशी फटकून वागणारा मुलगा तिला मनातलं सांगून टाकतो. साकुरा गोंधळते. तो परत हाँगकाँगला जायला निघतो आणि ती खोलीत रडताना तिच्या हातात एक नवीन पान तयार होतं, पंख असलेलं हृदय, पण त्याला नाव नाही. मग ती धावत सुटते, त्याला शेवटच्या क्षणी गाठते, त्याच्याकडून त्यानं हातानं शिवलेला टेडी घेते (या गोष्टीत असा समज आहे, की आवडत्या माणसाला स्वतः शिवलेला टेडी दिला की जोडी जमते) आणि पुन्हा भेटू म्हणते. मालिका संपते. चाहते डोळे पुसतात. पण नीट आठवून बघितलं तर लक्षात येतं, की बाई मुख्य वाक्य बोललीच नाहीये! टेडी घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, हसली, सगळं केलं. 'तूही मला आवडतोस' राहून गेलं.

सिनेमा सुरू होतो तो नेमका इथून. साकुरा आता सहावीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावात एक उत्सव आहे आणि त्यात त्यांचा वर्ग नाटक करणार आहे, साकुरा राजकन्या. तेवढ्यात शाओरान सुट्टीसाठी हाँगकाँगहून येऊन दाखल होतो, सोबत त्याची नातलग मेइलिन. त्याला पाहून साकुराचा चेहरा असा काही लाल होतो, की ज्याचं नाव ते! हे सगळं घडवून आणण्यात साकुराची जिवलग मैत्रीण तोमोयो आणि मेइलिन या दोघींचा हात असतो. सारखी व्हिडिओ कॅमेरा घेऊन फिरणारी ही तोमोयो नाटकाचे कपडेही शिवते आणि प्लॅनही शिजवते.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर, एका शनिवारी रात्री, लॅपटॉपवर. फ्लॅटमेट हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. जादू, परी, गुलाबी फ्रॉक असलं काही तिला झेपत नाही. मॅगीचं पातेलं मधे ठेवून ती बसली ती केवळ नेट स्लो होतं आणि दुसरं काही चालत नव्हतं म्हणून. पहिल्या वीस मिनिटांत तिनं तीनदा घड्याळ बघितलं. मग साकुरा पहिल्यांदा बोलायला गेली आणि काहीतरी मधे आलं. दुसऱ्यांदा गेली, जादूची चाहूल लागली, राहिलं. पुढे जायंट व्हीलच्या डब्यात दोघंच, समोरासमोर, आता बोलणार, आता बोलणार... आणि नाही! फ्लॅटमेट उठून उभी राहिली. "अगं बोल की बये! काय टेस्टिंग एन्व्हायर्नमेंटची वाट बघतेस का?"

हसू नका. ऐंशी मिनिटांत हा खेळ इतक्या वेळा होतो, की एखाद्या साध्या सिनेमात वैताग आला असता. इथे येत नाही, कारण त्याच वेळी गावातून एकेक गोष्ट नाहीशी होत असते. आधी किरकोळ. मग लहान मुलांच्या बागेतली पेंग्विनची घसरगुंडी, पुलाचा एक तुकडा. आणि साकुराच्या बावन्न पानांतली एकेक पानं. तिचा हात पिशवीत जातो आणि कालपर्यंत होतं ते पान आज नसतं.

कारण असं, की क्लो रीड या जुन्या जादूगारानं ही बावन्न पानं बनवली तेव्हा त्यांचा तोल साधायला त्यानं आणखी एक पान बनवलं होतं, 'द नथिंग'. शून्य म्हणा, अभाव म्हणा. बावन्न पानांच्या बेरजेला एकटी पुरून उरेल अशी वजाबाकी. तिला आपल्या घराखाली त्यानं बंद करून ठेवलं. पुढे ते घर पाडून तिथे मनोरंजन पार्क उभं राहिलं आणि ती मोकळी झाली. इंग्लंडहून फोनवर एरिओल साकुराला हे सगळं सांगतो आणि सोबत अटही सांगतो. या पानाला पुन्हा बंद करायचं तर किंमत मोजावी लागेल. त्या क्षणी ज्याची जादू सगळ्यात जास्त, त्याच्या मनातली सगळ्यात मोलाची भावना त्याला गमवावी लागेल.

आता कळलं, जीव कशाला लागलाय ते? गाव वाचवायचं तर 'आवडणं' द्यावं लागणार. आणि तेही अजून बोलून न दाखवलेलं आवडणं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या सिनेमात साकुराच्या भोवतीची बहुतेक माणसं आपलं वाक्य केव्हाच बोलून बसलेली आहेत, किंवा न बोलण्याचं पक्कं ठरवून मोकळी झालेली आहेत. मेइलिन एकेकाळी स्वतःला शाओरानची वाग्दत्त वधू म्हणवायची. त्याचं मन साकुराकडे वळलंय हे कळल्यावर तिनं स्वतःहून तो हक्क सोडला आणि त्या रात्री तोमोयोच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडली. आता तीच शाओरानच्या मागे लागते, उत्तर माग म्हणून. तोमोयोला साकुरा किती आवडते हे मालिका बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साकुरा सुखी असली की आपण सुखी, एवढं तिचं साधं गणित. तिनं उत्तर कधी मागितलंच नाही. आणि खुद्द साकुरासुद्धा या परीक्षेला एकदा बसलेली आहे. दादाचा मित्र युकितो तिला फार आवडायचा. तिनं धीर करून त्याला सांगितलं. त्यानं फार हळुवारपणे तिला दाखवून दिलं, की तिचं त्याच्यावरचं प्रेम हे बाबांवरच्या प्रेमाच्या जातीचं आहे, आणि त्याच्यासाठी 'एक नंबर' दुसरंच कुणी आहे. तेव्हा ती रडली कुणाजवळ? शाओरानजवळ. त्यानं फक्त रुमाल पुढे केला आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही.

म्हणजे साकुराला बोलता येत नाही, असं नाहीच. ती आधी बोललेली आहे. मग यावेळी अडतंय कुठे? मला वाटतं, ते यासाठी, की यावेळी उत्तर 'हो' आहे हे तिला माहीत आहे. नकार पचवायला माणूस स्वतःला तयार करतो. होकार द्यायचा म्हणजे उद्यापासून सगळं बदलणार. जी गोष्ट आज माझ्या एकटीच्या मनात सुरक्षित आहे, ती उद्या दोघांची होणार. चार महिने हातात असलेला मोबाइल, समोर उघडं चॅट, 'टायपिंग...' दिसतंय आणि पुन्हा नाहीसं होतंय, हे आपल्यापैकी कुणी केलेलं नाही, सांगा बरं!

मी केलंय. मलाही त्या सुमारास एक हेंजी देणं होतं. कॉलेजातला मित्र, डॉक्युमेंटरीच्या वेडापायी माझ्याबरोबर अर्धा महाराष्ट्र एसटीनं फिरलेला. जर्मनीला शिकायला निघाला तेव्हा स्वारगेटला शिवनेरीत चढता चढता बोलून गेला. वर म्हणाला, आत्ता काही बोलू नकोस, विचार कर. बस गेली. मी विचार केला. किती केला म्हणता? पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. रोज गप्पा चालू होत्या, इकडचं-तिकडचं सगळं बोलत होतो, ती एक गोष्ट सोडून. मला कळायला जितके दिवस लागले तितके लागले. उगाच घाईनं 'हो' म्हटलं असतं तर ते त्याच्या वाक्याचा प्रतिध्वनी झालं असतं. माझं वाक्य झालं नसतं.

या फरकाला मला तेव्हा नाव देता येत नव्हतं. ते या सिनेमाच्या शेवटच्या दहा मिनिटांत मिळालं.

तर, नाटकाचा दिवस. राजपुत्र होणाऱ्या मुलाचा हात दुखावलाय, त्यामुळे ऐनवेळी शाओरान राजपुत्र. नाटकातही शत्रुराज्यांतली राजकन्या आणि राजपुत्र, तिथेही मनातलं बोलण्याचाच प्रसंग. आणि तो सुरू असतानाच काळोखाचा गोळा येतो आणि प्रेक्षक, वर्गमित्र, सगळे गिळून टाकतो. घर, दादा, मैत्रीण, केरो, सगळं जातं. रिकाम्या गावात उरतात ही दोघं. पार्कातल्या घड्याळाच्या मनोऱ्यात साकुरा त्या पानासमोर उभी राहते.

आणि ते पान कसं आहे? लांब केसांची एक मुलगी. राक्षसीण वगैरे काही नाही. तिची तक्रार एवढीच, की मला एकटीला अंधारात ठेवलं आणि बाकी सगळ्यांना तू मैत्रिणी करून घेतलंस. कुणालाच दुष्ट न मानणाऱ्या या मालिकेला शोभेल असाच हा शेवटचा शत्रू. साकुरा तिला म्हणते, ये माझ्याकडे, आता एकटी राहायचं नाही. ती येते. पान बंद होतं. पण अट ती अट. त्या घडीला साकुराकडची पानं गेलेली, त्यामुळे जादू जास्त शाओरानची. म्हणजे हरवलं असणार ते शाओरानचं आवडणं.

मधे मोडका जिना आहे. जिन्याच्या पलीकडे तो उभा आहे. साकुराची खात्री झालीये, की आता याला माझ्याबद्दल काही वाटत नाही. चार महिने जे उत्तर द्यायचं राहिलं, तो प्रश्नच पुसला गेलाय. आता बोलून उपयोग काय?

आणि ती तेव्हा बोलते. रडत, मोठ्यानं, की तुला काही वाटत नसलं तरी माझा एक नंबर तूच आहेस.

लॅपटॉपसमोर आम्ही दोघी गप्प. मॅगीचं पातेलं गार झालेलं.

माझ्या लेखी सिनेमा इथे आहे. जोवर त्याचा प्रश्न उभा होता तोवर साकुराचं वाक्य हे 'उत्तर' होतं, उधारी होती, परतफेड होती. प्रश्न नाहीसा झाला तेव्हा ते पहिल्यांदा तिचं स्वतःचं वाक्य झालं. मिळण्यासारखं काही उरलेलं नसताना बोललेलं. बावन्न पानांपैकी एकही पान हाताशी नसताना बोललेलं. सेन्सेईंच्या फळ्यावरचं व्याकरण मला त्या क्षणी समजलं म्हणा ना! मी बाजूला, 'मला' होऊन उभी. वाक्य चालवतोयस तू. त्यात मागणी नाहीच. त्याला आवडते की नाही हा त्याच्या वाक्याचा प्रश्न, माझ्या वाक्यात त्याला जागाच नाही.

पुढे काय होतं ते सांगून टाकते, पंचवीस वर्षं होऊन गेलीत, आता स्पॉयलर कसला! शाओरान म्हणतो, मलासुद्धा. त्याचं काही हरवलेलंच नसतं. कारण ते नाव नसलेलं, पंखवाल्या हृदयाचं पान, जे साकुराच्या रडण्यातून तयार झालं होतं, ते 'द नथिंग'शी एकरूप होतं आणि दोघांचं मिळून नवं पान बनतं, 'होप'. आशा. थोडक्यात, तिच्या न बोललेल्या वाक्याचंच पान झालं होतं आणि शेवटी त्यानंच त्याला वाचवलं.

मला असं 'मलासुद्धा' मिळालं नाही. सिनेमानंतर साधारण आठवड्यानं मी फोन केला. मेसेज नाही, फोन. तिकडे संध्याकाळ होती, बर्फ पडत होता म्हणे. मी मराठीत सांगितलं, पूर्ण वाक्य, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, त्याच्या आयुष्यात आता कुणीतरी आहे, नोव्हेंबरपासून, तो सांगणारच होता. आणि मग म्हणाला, "पण बरं झालं बोललीस गं. मला कायम वाटत राहिलं असतं." आम्ही आणखी अर्धा तास बोललो, कशाबद्दल ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी रडले, हे खरं. आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपले, हेही तितकंच खरं. माझ्या छातीवर ठेवलेलं काहीतरी उचलून कुणीतरी जागेवर ठेवून दिलं होतं.

मैत्रिणी म्हणाल्या, मग मिळवलंस काय? मी म्हटलं, वाक्य. ते आता माझ्याकडे आहे, बोललेलं, पूर्ण. ते कुणी परत घेऊ शकत नाही.

या गोष्टीला एक गमतीशीर शेपूट आहे. जपानमध्ये हा सिनेमा आला त्याच उन्हाळ्यात, जून २००० मध्ये, अमेरिकेत ही मालिका 'कार्डकॅप्टर्स' नावानं दाखवायला सुरुवात झाली. मुलग्यांनी बघावी म्हणून तिकडच्या मंडळींनी ती सुरू केली आठव्या भागापासून, जिथे शाओरान येतो. सत्तरपैकी जेमतेम एकोणचाळीस भाग दाखवले आणि प्रेमाबिमाचे बरेचसे धागे कापून टाकले. उरलं काय? पानं पकडणं, उडणं, धडामधुडूम. एकीकडे मूळ गोष्ट लिहिणाऱ्या ओकावाबाईंनी सिनेमाची पटकथा लिहिताना सगळी जादू बाजूला सारून एका वाक्यावर अख्खा समारोप उभा केला. दुसरीकडे तेच वाक्य निरुपयोगी समजून कापलं गेलं. मुलग्यांना असलं काही लागत नाही, असा समज! तो शिवनेरीच्या पायरीवरून बोलून गेलेला मुलगा मला आठवतो आणि हसू येतं. मुलग्यांना लागतं हो. पहिलं वाक्य तर त्यानंच बोललं होतं.

साकुरा पुढेही चालू राहिली. २०१६ मध्ये क्लॅम्पनं 'क्लिअर कार्ड' नावानं पुढची चित्रकथा सुरू केली, २०१८ मध्ये तिची मालिकाही आली, तेच दिग्दर्शक आणि साकुरा-शाओरानचे तेच आवाज घेऊन. पण ती चित्रकथेच्या धाग्यानं जाते. जी टीव्हीवरची साकुरा लोकांनी सत्तर भाग सांभाळली, तिचा निरोप म्हणजे हा सिनेमा. आणि शेवट करावा तर कसा, याचा धडाही. आपल्याकडच्या मालिका संपतात तेव्हा लग्नं लागतात, खलनायिका माफी मागते, सगळे जण फोटोला उभे राहतात. इथे फक्त राहिलेलं एक वाक्य बोललं जातं. मग लक्षात येतं, की एवढंच तर राहिलं होतं.

शेवटचा शॉट मात्र सांगायलाच हवा. शाओराननं 'मलासुद्धा' म्हटलंय. नाहीसं झालेलं गाव हळूहळू परत येतंय, मनोरा दुरुस्त होतोय. मधला जिना अजून तुटलेलाच आहे. साकुरा कडेला येऊन उभी राहते. तो घाबरून म्हणतो, थांब, आता जिना जागेवर येईल. शहाणा सल्ला आहे. दोन मिनिटं थांबलं तर पायऱ्या उतरून आरामात जाता येईल, कुणालाही पटेल.

ती थांबत नाही. पंखांचं पान बाहेर काढत नाही. 'दाइसुकी' म्हणते आणि उडी मारते.